ओटीतला हातोडा

वेताळ मला पहिल्यांदा भेटला तो नांदेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर. इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक होता. मुखेडला पोचेपर्यंत एसटीत तो दोनदा वाचून झाला आणि घरी ओसरीवर तिसऱ्यांदा वाचत बसलो, तेव्हा आज्जीनं विचारलं, ‘काय वाचलालास रे?’ मी म्हटलं, ‘येताळ.’ तिनं अंक हातात घेतला. अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं, शेजारी पांढरा घोडा. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र तिनं बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, ‘शेंदूर नाही, दगड नाही, हे कशाचं येताळ रे लेकरा?’

हा प्रश्न तेव्हा मी हसण्यावारी नेला. आज या पुस्तकाच्या दाराशी उभा आहे तो तोच प्रश्न घेऊन.

अंकातला तो वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ साली वर्तमानपत्रासाठी उभा केलेला फँटम. टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, १९९० पर्यंत ती चालली, आणि त्या काळात आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी कवटीच्या गुहेतला हा माणूस आपला मानला. मराठीत आणताना त्याला नाव काय द्यायचं, हा प्रश्न कुणा अनुवादकासमोर आला असणार. बंगाल्यांनी त्याला अरण्यदेव केलं. आपल्याकडे तो वेताळ झाला. म्हणजे गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेल्या दगडात राहणारा, अमावास्येच्या रात्री भुतांची पालखी घेऊन निघणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा आणि गोव्यात तर देवळात उभा राहून पूजा घेणारा वेताळ. इतका जुना मालक असलेलं नाव एका परक्या नायकाच्या अंगावर चढवलं, आणि ते बसलंही. मुळात त्यालाही जंगलातले लोक न मरणारा समजतात, त्याचीही भीती वाटते आणि आधारही. अनुवादकाचं नाव मला ठाऊक नाही, पण अशी नेमकी निवड रोज होत नाही. आणि ज्या मासिकात हे घडलं त्याच्या नावातच इंद्र बसलेला, हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

नायकाला देवाचं नाव मिळालं, ही झाली आपल्याकडची गोष्ट. या पुस्तकात प्रवास उलटा आहे. इथं देवालाच नायक केलं गेलं. युरोपच्या उत्तर टोकाचा, गडगडाटाचा देव थॉर १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ नावाच्या अमेरिकन मासिकाच्या ८३ व्या अंकात उतरला, आणि तिथून आज मुखेडच्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोचला आहे. दप्तरावर त्याचा हातोडा असतो. पोरांना तो सिनेमातून कळतो, सिनेमा कॉमिकमधून आला, आणि कॉमिक ज्या कथांतून आलं त्या कथा मात्र मराठीत सलग वाचायला फारशा मिळत नाहीत. म्हणून हा खटाटोप. पुढच्या पानांत आधी मूळ कथा सांगितली आहे आणि मग कॉमिकवाल्यांनी तिचं काय केलं ते.

मूळ कथा म्हणताना जरा जपून राहावं लागतं. या कथा आज आपल्याला मिळतात त्या मुख्यतः आइसलँडमधून. तिथं इसवी सन १००० च्या सुमारास लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्टुर्लुसन या माणसानं त्या लिहून काढल्या. स्नोरी मोठा जमीनदार, कवी, कायद्याचा जाणकार आणि पक्का राजकारणी. १२४१ मध्ये राजाच्या माणसांनी त्याला त्याच्याच घराच्या तळघरात मारलं. त्याच्या ग्रंथाला एड्डा म्हणतात. तो लिहिण्यामागचा हेतू भक्तीचा नव्हता. तरुण कवींना जुन्या काव्यातल्या उपमा कळेनाशा झाल्या होत्या. सोन्याला अमुक देवीचे अश्रू का म्हणायचं, हे समजायला ती देवी तरी माहीत हवी. म्हणजे हा ग्रंथ एका अर्थी कवींसाठीचं पाठ्यपुस्तक. आणि स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे स्नोरीनं सुरुवातीलाच हात झटकले : हे देव खरे देव नव्हेत, ट्रॉय नगरीतून, आशियातून उत्तरेकडे आलेली ती पराक्रमी माणसं होती, भोळ्या लोकांनी त्यांना देव मानलं. कॉमिकवाल्यांनी देवाला माणसाळवलं म्हणून आज जे नाक मुरडतात त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ते काम सातशे वर्षं आधी खुद्द संहितेच्या पहिल्या पानावर होऊन गेलं आहे.

जुन्या कथांतला थॉर आपल्या ओळखीचा वाटतो. दाढी तांबडी, राग नाकावर, भूक अफाट. रथाला दोन बोकड जुंपलेले. मुक्कामाला तेच बोकड कापून खायचे, हाडं मात्र कातड्यावर नीट जपून ठेवायची, सकाळी हातोडा फिरवला की बोकड पुन्हा उभे. एकदा एका शेतकऱ्याच्या पोरानं मगज खायला हाड फोडलं, तर बोकड लंगडा उठला, आणि भरपाई म्हणून ते पोर थॉरचा गडी झालं. वेदातल्या इंद्राची आठवण यावी अशीच ही सगळी लक्षणं आहेत : त्यालाही पिंगट दाढी, त्यालाही अफाट तहान, त्याच्याही हातात कारागिरानं घडवून दिलेलं वज्र, तोही मोठ्या सर्पाचा वैरी. या साम्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात पडत नाही. इंग्रजीतला गुरुवार थॉरच्या नावाचा आहे, एवढं मात्र माहूरच्या दत्ताचा उपास धरणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला सांगितलं की त्याला गंमत वाटते.

थॉरच्या हातोड्याचं नाव म्योल्निर. दांडा आखूड, कारण तो घडत असताना खोडसाळ लोकी माशी होऊन भात्यावरच्या बुटक्या लोहाराच्या पापणीला चावला आणि भाता क्षणभर थांबला. देवांचं सगळ्यात मोठं शस्त्र असं जरासं बिघडलेलं आहे, हे मला फार आवडतं.

आणि ही हातोड्याच्या चोरीची गोष्ट. थ्रिम नावाच्या राक्षसानं म्योल्निर पळवला आणि जमिनीत खोल पुरला. परत हवा तर फ्रेया देवी बायको म्हणून द्या. फ्रेया भडकली. मग देवांनी ठरवलं की थॉरलाच नवरी करायचं. डोक्यावरून पदर, गळ्यात फ्रेयाचा हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सोबत पाठराखीण म्हणून लोकी. नवरीनं लग्नाच्या पंगतीत अख्खा बैल आणि आठ मासे फस्त केले तेव्हा थ्रिम चपापला. पाठराखीण म्हणाली, सासरच्या ओढीनं आठ दिवस तिनं अन्नाला शिवलं नाही हो. शेवटी लग्न लावायला हातोडा आणला गेला, कारण त्या लोकांत नवरीला हातोड्यानंच आशीर्वाद द्यायचा. तो ठेवला नवरीच्या ओटीत. पुढे काय झालं ते सांगायला नको.

या पुस्तकाचं नाव तिथून आलं. ज्या हातोड्यानं कवट्या फुटतात तोच ओटीत ठेवला की लग्न लागतं, कूस भरते. ब्रेमेनच्या अ‍ॅडम या पाद्र्यानं अकराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाबद्दल लिहून ठेवलं आहे, की तिथं मधोमध थॉर बसतो, कारण वारा, वीज, पाऊस, उघाड आणि पीक त्याच्या हातात असतं. राजे आणि कवी थॉरचा बाप ओडिन याला मानत. थॉर शेतकऱ्यांचा. त्याच्या हातोड्याचे छोटे ताईत कबरींतून सापडतात. डेन्मार्कच्या संग्रहालयात दहाव्या शतकातला दगडी साचा आहे, त्यात क्रूस आणि हातोडा शेजारीशेजारी कोरलेले आहेत. गिऱ्हाईक मागेल ते ओतून द्यायचं. आमच्याकडे सराफाच्या दुकानात एकाच पेटीत खंडोबाचा टाक असतो आणि लिंगायतांसाठी चांदीचं शिवदाणंही. तो डॅनिश कारागीर मला अनोळखी वाटत नाही.

आता १९६२. मासिकाचा संपादक स्टॅन ली, संवाद लिहिणारा त्याचा धाकटा भाऊ लॅरी लीबर, चित्रकार जॅक कर्बी. या तिघांत कर्बीकडे जास्त वेळ थांबायला हवं, कारण थॉरचं वेड त्याचं. १९५७ मध्येही दुसऱ्या एका प्रकाशनासाठी त्यानं थॉरच्या हातोड्याची गोष्ट काढली होती. कर्बीचं मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीत, ऑस्ट्रियातून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी १९१७ मध्ये जन्मला. १९४१ मध्ये त्याच्या कॅप्टन अमेरिकानं मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यात ठोसा मारला, तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती. पुढे १९४४ मध्ये तो स्वतः सैनिक म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला, तिथल्या थंडीत पाय गमावता गमावता वाचला. ज्यांच्याशी तो लढला त्या नाझींनी याच उत्तरेच्या देवांवर, तिथल्या जुन्या रून लिपीवर आपला हक्क सांगितला होता, ती अक्षरं गणवेशावर मिरवली होती. युद्धानंतर हे देव असे डाग लागून पडलेले होते. ते उचलले, झटकले आणि न्यू यॉर्कच्या रस्त्यावर सामान्य माणसाच्या रक्षणाला उभे केले ते एका ज्यू चित्रकारानं. त्यानं तसं ठरवून केलं असा दावा मी करत नाही. त्याला पानाचे पैसे मिळत होते आणि अंक वेळेवर द्यायचा होता. पण घडलं ते असं.

बदल मोठे झाले. तांबडी दाढी गेली, गुळगुळीत चेहरा आणि पिवळे केस आले. बोकड सुरुवातीला गायब. ओडिनशी रक्ताची शपथ घेऊन भाऊ झालेला लोकी हा थॉरचा दत्तक भाऊ झाला, म्हणजे भाऊबंदकी आली, आणि भाऊबंदकी आली की मालिका कितीही वर्षं चालते, हे महाभारताच्या वाचकाला सांगायला नको. सगळ्यात मोठा बदल डोनाल्ड ब्लेकचा. हा पायानं अधू असलेला डॉक्टर नॉर्वेला फिरायला जातो, गुहेत त्याला काठी सापडते, ती आपटली की काठीचा हातोडा आणि डॉक्टरचा थॉर होतो. हातोडा ६० सेकंद हातावेगळा राहिला की पुन्हा डॉक्टर. हातोड्यावर कोरलेलं, की जो लायक असेल त्यालाच तो उचलता येईल. एड्डात यातलं काही नाही. तिथं थ्रिमसारखा चोरही हातोडा खुशाल उचलून नेतो. पण आपल्याला हे अगदी घरचं वाटतं, नाही का? अटीचा वर. पुढे १९६८ मध्ये तर उलगडा झाला, की डॉक्टर वेगळा कुणी नव्हताच, गर्विष्ठ मुलाला नम्रता शिकवायला ओडिननंच त्याचं भान हिरावून त्याला मर्त्यलोकात टाकलं होतं. शाप, उःशाप आणि अवतार, तिन्ही एका झटक्यात. आपली पुराणं त्या मंडळींच्या टेबलावर होती म्हणून असं झालं नाही. अतिबलवान नायकाची गोष्ट दर महिन्याला सांगायची तर त्याला कुठंतरी बांधून ठेवावं लागतं, ही अडचण पुराणिकालाही होती आणि मासिकवाल्यालाही.

जे हरवलं त्याची खंत मात्र मला आहे, आणि ती मुखेडच्या माणसाची खंत आहे. कॉमिकमधला थॉर वीज पाडतो, वादळ उठवतो, राक्षसांना लोळवतो. शेतात पाऊस पाडायला त्याला कुणी बोलवत नाही. आमच्याकडे मृग कोरडा गेला की पोरं धोंडी काढतात : मुसळाला कडुलिंबाच्या डहाळ्यात बेडूक बांधायचा, दारोदार फिरायचं, बायका घागरीनं पाणी ओततात. आणि पाऊस आला तर विजेचं भय, दरवर्षी झाडाखाली थांबलेलं कुणीतरी माणूस नाहीतर बैल जातो. ज्याच्याकडे पाणी मागायचं त्यालाच भ्यायचं, हे देवाशी असलेलं खरं नातं. उप्सालाच्या शेतकऱ्याचं थॉरशी तेच होतं. न्यू यॉर्कला त्याची गरज पडली नाही. शेतकऱ्यांचा देव शहरात आला आणि पहारेकरी झाला. शक्ती सगळी राहिली, गरज तेवढी गेली. म्हणूनच त्याला कुणी नवस बोलत नाही.

यात एक चमत्कारिक योग आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. वॉल्ट सायमनसन या लेखक-चित्रकारानं १९८३ पासून थॉरची मालिका हातात घेतली. एड्डा नीट पचवलेला हा पहिला कॉमिकवाला. बोकडही त्यानं परत आणले. १९८७ च्या ३८० व्या अंकात पृथ्वीला वेढून बसलेल्या महासर्पाशी थॉरची झुंज आहे, आणि तो अख्खा अंक एका पानाला एकच चित्र अशा घाटाचा. याच सायमनसननं १९८६ मध्ये लोकीच्या कारस्थानानं थॉरचा बेडूक केला. हातोड्यासकट बेडूक. मराठवाड्यातली धोंडी त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी पावसाच्या देवाला बेडकाच्या रूपात पाहिलं तेव्हा मला आमच्या गल्लीतलं ते मुसळ आठवलं.

मग आपले देव असे नायक का झाले नाहीत? प्रयत्न झाले. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. दिल्लीतल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव सांगता आले आणि रामाची आई सांगता आली नाही, ही त्यामागची कथा प्रसिद्धच आहे. त्यांचा कृष्ण काढला मुंबईच्या राम वाईरकरांनी. पुढचा धागा मराठी वाचकानं विशेष पाहण्यासारखा आहे तो प्रताप मुळीकांचा. अमर चित्र कथेसाठी पौराणिक-ऐतिहासिक पानं रंगवणाऱ्या या मराठी चित्रकारानं १९८० नंतर अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ नावाचा नायक करून काढलं, आणि दिल्लीच्या राज कॉमिक्सनं १९८६ मध्ये आणलेल्या, अंगात साप बाळगणाऱ्या नागराजाच्या सुरुवातीच्या अंकांनाही त्यांचाच हात लागला. देव, नट आणि नागराज, तिघांचे दंड-पोटऱ्या एकाच ब्रशमधून उतरलेल्या. नागराजात नागदेवतेचा वारसा आहे, पण नागोबा स्वतः त्यात नाही. नागपंचमीच्या दिवशी तव्यावर काही न भाजणाऱ्या घरात नागराज निर्धास्त वाचला जात होता. परस्परांच्या वाटेत कुणी आलं नाही. २००४ मध्ये आलेल्या भारतीय स्पायडरमॅनचं नाव तर पवित्र प्रभाकर, राहायला मुंबईत, धोतर नेसून गच्च्यांवरून उड्या मारणारा. शक्ती योग्यानं दिलेली. त्या मालिकेला चारच अंक मिळाले.

आमच्या मुखेडात वीरभद्राचं देऊळ आहे. बाप दक्षाच्या यज्ञात सती जळाली, शिवानं जटा उपटून आपटली, तिच्यातून हा उभा राहिला, आणि त्यानं दक्षाचं डोकं उडवलं. कुठल्याही कॉमिक-लेखकानं हेवा करावा असा जन्म. तरी त्याचा सुपरहिरो करायची माझी छाती नाही. लग्नाआधी लिंगायत घरातून गुग्गुळाची मिरवणूक निघते, पुरवंत तलवार घेऊन आवेशानं वीरभद्राचा पराक्रम गात नाचतात, तेव्हा रस्त्यावरची माणसं वाट देऊन बाजूला होतात, हात जोडतात. माळेगावच्या यात्रेत खंडोबासमोर कुणी मुलासाठी, कुणी बैलाच्या दुखण्यासाठी उभा असतो. ज्या देवाकडे अजून देणं-घेणं बाकी आहे त्याच्या गोष्टीत फेरफार करायचा हक्क लेखकाला नसतो असं मी म्हणत नाही. वाघ्या-मुरळी, गोंधळी, कीर्तनकार हे काम रोज करतात, आणि बाणाईच्या गोष्टीत खंडोबाची हवी तेवढी थट्टाही करतात. पण ते देवासमोर उभं राहून करतात, बिदागी घेऊन, त्याच्या नावानं. कर्बी आणि ली यांच्यासमोर देव नव्हता. मोकळीक म्हणतात ती हीच, आणि पोरकेपणही तिथंच.

हे लिहून झाल्यावर एका गोष्टीनं माझी पंचाईत केली. आइसलँडमध्ये १९७२ साली काही लोकांनी जुन्या धर्माची संस्था स्थापन केली आणि १९७३ मध्ये सरकारनं तिला मान्यता दिली. म्हणजे थॉरला आता पुन्हा भक्त आहेत. एड्डा याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कवितांची मुख्य हस्तलिखित पोथीही त्याच सुमारास, १९७१ मध्ये, डेन्मार्ककडून आइसलँडला परत मिळाली होती, आणि ती उतरवून घ्यायला बंदरावर गर्दी लोटली होती. नवस नसलेला देव ही माझी व्याख्या त्यामुळे जरा डळमळली. ती तशीच ठेवली आहे, वाचकानं हवी तर पाडावी.

नावांबद्दल थोडं. आइसलँडी उच्चार देवनागरीत नेमके बसत नाहीत. ‘म्योल्निर’ आणि देवांची नगरी ‘आसगार्ड’ अशी रूपं मी बोलायला सोपी म्हणून घेतली आहेत. लोकी हा लोकीच, त्याला नारद म्हणण्याचा मोह आवरला, कारण नारद कळ लावतो पण त्याच्या पोटी लांडगा आणि महासर्प जन्मत नाहीत. फँटमला मात्र पुस्तकभर वेताळच म्हटलं आहे. आज्जीची हरकत नोंदवून.

प्रकरणं क्रमानंच वाचली पाहिजेत असं नाही. घरात लहान मूल असेल तर चौथ्यापासून सुरुवात करा, ते हातोड्याच्या चोरीचं आहे, आणि मोठ्यानं वाचून दाखवा.